डायलिसिस वॉर्डातला शनिवार

डायलिसिसच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला भांडण टाकून उठून जाता येत नाही. हाताच्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन जाड सुया असतात. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं, आणि हे चार तास चालतं. आठवड्यातून तीनदा, ठरलेल्या वारी, बहुतेक वेळा त्याच खुर्चीत. शेजारी कोण बसणार हे पेशंटच्या हातात नसतं, आणि नाही पटलं तरी वर्षानुवर्षं तोच शेजार निभवावा लागतो. मी मध्य इस्राएलमधल्या एका रुग्णालयात डायलिसिसची नर्स आहे. आईवडील ठाण्याहून आले, मी रामल्यात वाढले. आमच्या वॉर्डात ज्यू आणि अरब पेशंट एकाच रांगेत बसतात, डॉक्टर आणि नर्सही दोन्हींकडचे.

मी सांगते आहे तो दिवस १५ मे २०२१, शनिवार. ७ ऑक्टोबर २०२३ ला, गाझावर सत्ता असलेल्या हमासच्या हल्ल्यात इथे जे झालं आणि नंतर गाझात जे झालं, त्यापुढे तो आठवडा लोकांना आता छोटा वाटतो. माझ्या मनातून मात्र तो गेलेला नाही, कारण सुरक्षा आणि जबाबदारी हे दोन शब्द त्या दिवशी माझ्या समोर, सुया टोचलेल्या माणसांच्या तोंडून आले.

पूर्व जेरुसलेमच्या शेख जर्राह वस्तीतल्या अरब कुटुंबांच्या घरांचा वाद आणि अल-अक्सा मशिदीच्या आवारातल्या चकमकी यांवरून जेरुसलेम तापलंच होतं. १० मेच्या संध्याकाळी हमासने तिकडे रॉकेटं सोडली आणि इस्राएलने गाझावर बॉम्बफेक सुरू केली. पण आमच्या पेशंटांच्या दारातली आग लोदची होती. लोद हे मिश्र शहर, दहातले जवळपास तीन रहिवासी अरब. १० च्या रात्री तिथे ज्यू रहिवाशांच्या गोळीने एक अरब तरुण मेला. त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जळली, गाड्या जळल्या, आणि एका ५६ वर्षांच्या ज्यू इलेक्ट्रिशियनच्या गाडीवर दगडफेक झाली. डोक्याला मार लागून तो बेशुद्ध होता. शहरात आणीबाणी लागली, रात्रीची संचारबंदी आली. १२ तारखेच्या पहाटे गाझाहून आलेलं एक रॉकेट लोदला लागून असलेल्या दहमश वस्तीत पडलं आणि बाप व सोळा वर्षांची मुलगी गेली. दोघंही इस्राएलचे अरब नागरिक. दहमशला सरकारची मान्यता नाही. मान्यता नाही म्हणून बांधकामाचे परवाने नाहीत, आणि परवाने नाहीत म्हणून तिथल्या घरांना ममाद नाही. ममाद म्हणजे घरातली काँक्रीटची सुरक्षित खोली. १९९१ च्या आखाती युद्धानंतर नव्या घरांना ती सक्तीची झाली.

त्या शनिवारी खिडकीकडच्या खुर्चीत मास्तर होते, लोदचे, गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या शेजारी बस चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हर आजोबा. त्यांचं घराणं मोरोक्कोचं, त्यामुळे ते मास्तरांशी निम्मं अरबीत बोलायचे. तेही लोदचे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या धार्मिक सुट्टीला, ते एरवी गाडीत बसत नाहीत, पण जीव वाचवण्यासाठी धर्मच परवानगी देतो, म्हणून डायलिसिसला येतात. समोरच्या रांगेत आमच्या बेने इस्राएलमधल्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातल्या, एक काकू, माहेर अलिबागजवळचं. माझ्याशी कायम मराठीत. नातू सैन्यात, त्या दिवसांत गाझाच्या सीमेवर.

ईद नुकतीच झाली होती. मास्तरांनी आम्हा नर्सना मामूलचा, म्हणजे ईदच्या बिस्किटांचा, डबा आणला होता, आत खजुराचं सारण. खजुरात पोटॅशियम, म्हणून त्यांना स्वतःला ते चालत नाही. ड्रायव्हर आजोबा एरवी त्यावरून त्यांना चिडवायचे. त्या दिवशी त्यांनी डब्याकडे पाहिलंही नाही.

मास्तरांच्या फोनवर अरबी बातम्या लागल्या होत्या. आदल्या रात्री गाझाच्या शाती छावणीत एका घरावर बॉम्ब पडून आठ मुलं आणि दोन बायका मेल्या होत्या. ड्रायव्हर आजोबा म्हणाले, "आवाज बंद करा. दगड कोणी मारला ते सांगा आधी."

"गोळी कोणी झाडली?" मास्तर म्हणाले.

"सिनेगॉग कोणी जाळला?"

मग दोघं मागे मागे जात राहिले. एक २००० सालच्या इंतिफादापर्यंत, म्हणजे पॅलेस्टिनी उठावापर्यंत, बसमधल्या स्फोटांपर्यंत गेला. त्या काळात त्यांनी बस चालवलेली आहे, रोज प्रत्येक चढणाऱ्याचा चेहरा पाहिलेला आहे. दुसरा जुलै १९४८ पर्यंत गेला, जेव्हा लोदमधून हजारो अरबांना हाकलून पायी चालवलं गेलं आणि मास्तरांच्या घरातली अर्धी माणसं परत आली नाहीत. यातलं काहीही खोटं नाही. पण जो तो सुरुवात अशा दिवसापासून धरत होता, जिथून आपल्या माणसाने केलेलं सगळं उत्तर ठरतं.

मी दोघांचं बीपी घेतलं. आजोबांचं वरचं १९० च्या पुढे. मी गप्प बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. तेवढ्यात राउंडला डॉक्टर आल्या, त्या अरब आहेत. आजोबांनी त्यांनाच विचारलं, "तुम्ही निषेध करता का? आत्ता, इथे, सगळ्यांसमोर करा."

डॉक्टरांनी त्यांच्या मशीनवरचा आकडा पाहिला आणि औषध सांगितलं. काकूंनी समोरून हिब्रूत भर घातली, "बोला की, त्यात काय एवढं?"

मला राग आला, आणि तो आजही गेलेला नाही. लोदमध्ये दगड मारणारे हात ज्यांचे होते, त्यांचा या बाईशी एक नाव सोडून काय संबंध? मला कोणी विचारलं असतं का, तुमच्या माणसांनी गोळी झाडली, तुम्ही निषेध करा? त्या वॉर्डात कोणीच मला विचारलं नाही. मी आजोबांना म्हटलं, "यांनी कोणाला मारलेलं नाही. यांना विचारायचं असेल तर तुमच्या पोटॅशियमबद्दल विचारा." ते उत्तर देणार, तेवढ्यात सायरन वाजला.

आमच्याकडे सायरनपासून रॉकेट पडेपर्यंत साधारण नव्वद सेकंद मिळतात. पेशंटला नीट सोडवायचं, म्हणजे नळ्यांतलं रक्त परत द्यायचं, सुया काढायच्या, जागा दाबून धरायची, याला कितीतरी मिनिटं लागतात. क्लॅम्प लावून तडकाफडकी तोडता येतं, पण नळ्यांतलं रक्त जातं, आणि अशक्त, बीपी घसरलेल्या माणसाला उभं करून पळवायचं कुठे? आमचा वॉर्ड जुन्या इमारतीत. म्हणून आम्ही पडदे ओढले, खुर्च्या मागे झुकवल्या, मोकळ्या हातात उश्या दिल्या आणि डोक्यावर धरायला सांगितलं. नर्स आणि डॉक्टर तिथेच थांबलो.

मास्तर काचेच्या सर्वांत जवळ होते. आजोबा ओरडले, "हे तुमचे पाठवताहेत!"

"माझ्या डोक्यावर पाठवताहेत," मास्तर म्हणाले. "दहमशच्या पोरीच्या डोक्यावर पाठवलं. तिला ममाद कोणी दिला नाही? हमासने? परवाना हमास देतो?"

काकू मराठीत देवाचं नाव घेत होत्या. मध्येच मला म्हणाल्या, "बाय, खिडकीपासनं लांब हो गो." स्फोटांचे आवाज आले, इमारत थरथरली, दोन मशीनचे अलार्म वाजले. कोणी जखमी नाही. नंतर कळलं, रामात गानमध्ये एक माणूस गेला.

तासाभराने टीव्हीवर गाझातला अल-जला टॉवर कोसळताना दिसला. त्यात असोसिएटेड प्रेस आणि अल जझीराची कार्यालयं होती. आत हमासचं काम चालतं, असं सैन्याचं म्हणणं होतं. रिकामं करायला साधारण तासाची मुदत दिली गेली. मास्तर काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने, कोणी विचारलेलं नसताना, म्हणाले, "त्या इलेक्ट्रिशियनला मारणाऱ्यांवर खटला चालला पाहिजे. माझ्या गल्लीतले असले तरी."

आजोबा म्हणाले, "बघू."

इलेक्ट्रिशियन १७ मेला गेला. घरच्यांनी अवयव दिले आणि एक किडनी जेरुसलेममधल्या अरब ख्रिस्ती बाईला मिळाली. सगळीकडे त्या बातमीचं सलोख्याचं चित्र झालं. आमच्या वॉर्डात किडनी म्हणजे काय हे प्रत्येकाला अंगात कळतं, त्यामुळे सुरुवातीला सगळे तिच्या वाट पाहण्याच्या वर्षांबद्दलच बोलले. पण आजोबा म्हणाले, "त्या घरच्यांचं मन मोठं. त्याने खून मिटत नाही." मला ते पूर्ण पटलं. एकाच्या चांगुलपणाने दुसऱ्याचा गुन्हा झाकला जात नाही. तसंच हमासने कोणाचं छप्पर आहे हे न बघता रॉकेट सोडलं म्हणून दहमशला निवारा न देण्याचा दोष सरकारवरून उतरत नाही, आणि सरकारचा दोष दाखवून रॉकेट सोडणारा सुटत नाही. शातीमधल्या आठ मुलांचंही कोणीतरी उत्तर द्यायचं आहे. ज्याने जे केलं, त्याचा हिशेब त्याच्याकडेच मागायला हवा.

पुढे दगडफेकीच्या प्रकरणात अरब तरुणांवर खुनाचे आरोप ठेवले गेले. लोदमधल्या गोळीबाराचं प्रकरण मात्र स्वसंरक्षण मानून खटल्याआधीच बंद झालं. ते बंद झाल्याची बातमी मास्तर कागदावर छापून घेऊन आले आणि आजोबांच्या पुढ्यात ठेवली. "मी त्या शनिवारी म्हटलं होतं. आता तुम्ही म्हणा."

आजोबांनी चष्मा मागितला. मी त्यांच्या पिशवीतून काढून दिला, एक हात सुयांनी अडकलेला होता. सगळं वाचलं. "कोर्टात जायला हवं होतं," ते म्हणाले. "सुटले असते तरी."

काकूंना ते मुळीच मान्य नव्हतं. जीव वाचवायला झाडलेल्या गोळीला कोर्ट कशाला, असं त्या समोरून म्हणाल्या, आणि जीव वाचवायलाच झाडली हे ठरवणार कोण, असं आजोबांनी त्यांना विचारलं.