सिव्हिल कोर्ट स्टेशन : जमिनीखाली 33 मीटर आणि तरी ऊन

पुण्यात राहून अजून सिव्हिल कोर्ट (आता अधिकृत नाव जिल्हा न्यायालय) मेट्रो स्टेशन नीट पाहिलं नसेल तर एकदा गाडी पकडायची घाई नसताना जा, खरंच. आधी इथे जुनं धान्य गोदाम होतं. आता तिथे पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट लाइन जमिनीखालून जाते आणि वनाज-रामवाडीची वर खांबांवरून, आणि दोन्हीतली अदलाबदल इथेच.

खालचा प्लॅटफॉर्म 33.1 मीटर खोल आहे, म्हणजे दहा मजली बिल्डिंग उलटी गाडली तर जेवढं होईल तेवढं! एवढं खोल कशाला असं बरेच जण विचारतात, तर इथून पुढे कसब्याकडे जाताना बोगदा मुठेच्या पात्राखालून जातो, आणि नदीच्या तळाच्या खाली पुरेसा दगड डोक्यावर ठेवायचा तर स्टेशनलाही खाली जावंच लागतं. बोगदे मशीनने कोरले, त्या मशीनची नावं मुठा, मुळा आणि पवना, मला हे फार आवडलं.

पण सगळ्यात भारी म्हणजे छत. ते असं केलंय की सूर्यप्रकाश थेट खालपर्यंत पोचतो, दुपारी सरकत्या जिन्यावरून उतरताना फरशीवर उन्हाचे पट्टे दिसतात आणि कोंडल्यासारखं अजिबात वाटत नाही. एवढ्या खोलात माणसाला मोकळं वाटावं याचा कुणीतरी डिझाइन करतानाच विचार केला, त्या इंजिनियर लोकांना मनापासून सलाम. हिंजवडीची लाइनही इथेच येऊन मिळणार आहे, तेव्हा गर्दी वाढायच्या आत बघून घ्या.