सव्वा रुपयाचा क्षत्रप

आधी एक सांगून टाकतो: जुनं नाणं ज्या पाकिटात आलं, ते पाकीट फेकू नका. मी फेकणारच होतो.

मामा गेले आणि त्यांचा नाण्यांचा डबा माझ्याकडे आला, कारण मामेभावाला त्यात काडीचा रस नव्हता. त्यात क्षत्रपांचं, म्हणजे गुजरात-माळव्याकडे राज्य केलेल्या जुन्या शक राजांचं, एक चांदीचं नाणं होतं. जेमतेम दीड सेंटिमीटर, वजन दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला मिशीवाला राजा, दुसरीकडे तीन कमानींचा डोंगर आणि खाली नदीची नागमोडी रेघ. ब्राह्मी अक्षरं लावण्यात दोन रविवार गेले: दामसेनाचा मुलगा, महाक्षत्रप विजयसेन. राजाच्या डोक्यामागे शकाचं साल असतं. माझ्या नाण्यावर १६७, म्हणजे इ.स. २४५.

राजा सापडला, पण मामांच्या आधीचा मालक कोण? आई एवढंच म्हणाली, "ते हंड्यातलं आहे." माझ्या पोटात गोळा. हंडा म्हणजे गुप्तधन. १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. मामांनी कळवलं होतं का, कुणास ठाऊक. म्हटलं, सरळ मार्गाने जाऊ. सापडलेल्या धनाची जुनी नोंदवही बघण्यासाठी इथे बडोद्यात एका सरकारी कार्यालयात अर्ज केला.

"मालकीचा पुरावा जोडा," खिडकीवरच्या बेन म्हणाल्या.

"बेन, तोच शोधायला आलोय."

"ते खरं, पण पुराव्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही."

यावर काय बोलणार? नडियादच्या मामेभावाकडून स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घ्यायचं ठरलं. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "किती किमतीचं आहे रे?" डब्याकडे ढुंकून न पाहिलेला माणूस! प्रतिज्ञापत्रापेक्षा त्याचा संशय मिटवायला जास्त दिवस लागले. मग नोटरी. मग कळलं की फोटो चालणार नाही, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला हवा. (फोटो काढाल तेव्हा उजेड बाजूने पडू द्या, समोरून पडला की अक्षरं सपाट होतात. आणि त्याआधी चिंच लावून घासू नका. माझ्या बायकोच्या हातातून मी ते वेळेवर काढून घेतलं.) नवा फोटो घेऊन गेलो तर "साहेब रजा पर छे, सोमवारे आवजो." सोमवारी साहेब होते, पण वही बाइंडिंगला गेलेली. पुढच्या खेपेला वही आली होती, पण कपाटाची किल्ली साहेबांकडे आणि साहेब मीटिंगला. मंगळ बाजारच्या गर्दीतून स्कूटर काढत मी किती खेपा घातल्या, मोजायचं सोडून दिलं. त्या बाकावर बसून निम्मी ब्राह्मी लिपी पाठ झाली, एवढाच फायदा.

पाच महिन्यांनी वही समोर आली. बेननी स्वतः पानावरची धूळ पुसली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. नोंद अशी: "चांदीची जुनी नाणी, लहान, गोल." बस. राजाचं नाव नाही, वजन नाही, कुणाला दिली तेही नाही. लहान आणि गोल! एवढ्यासाठी मी नोटरी केली?

चिडून घरी आलो आणि डबा आवरायला घेतला. पाकिटावर मामांच्या अक्षरात पेन्सिलीने 'विजयसेन, १९६८, रु. १२' होतं. ते मी कधीच वाचलं होतं, त्यामुळे १९६८ला मामांनी ते बारा रुपयांना घेतलं एवढं गृहीत धरलं होतं. हंड्यातलं चोरून विकलेलं असणार, असाही तर्क. पाकीट चुरगळताना घडी उलगडली. आत मोडीतल्या दोन ओळी. इतके दिवस मी त्यांना रद्दी कागदावरचा हिशेब समजत होतो.

दांडिया बाजारात मोडी वाचणारे एक काका आहेत. चहा निवायच्या आत त्यांनी वाचून दिलं: जुना रुपेरी शिक्का, नग एक, संवत १९८८, रु. १।, आणि एका सराफाचं नाव. संवत १९८८ म्हणजे १९३१-३२. ती उभी रेघ म्हणजे पाव, किंमत सव्वा रुपया. तेव्हाचा रुपयाच साडेअकरा ग्रॅमहून जड, चांदीचा. दोन ग्रॅमच्या तुकड्याला नुसत्या चांदीच्या भावात सव्वा रुपया कुणी देणार नाही. म्हणजे घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही हे जुनं नाणं आहे हे ठाऊक होतं.

विकत घेताना बिल मागून घ्या, तेही राहिलंच सांगायचं. आणि १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे अशी नाणी परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवता येत नाहीत, तो विचार सोडा.

संध्याकाळी आईला सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, "मग हंडा कुठला?"

"अरे, आमच्या माजघरातला," आई म्हणाली. "तांब्याचा. चोरांच्या भीतीने तुझा मामा नाणी त्यात ठेवायचा, वर डाळ."