आमची वाटचाल : चटणी, महापूर आणि अडकलेली उधारी

पोरानं नवीन पॅकेटवर क्यूआर कोड टाकलाय, आणि मला म्हणाला, आई त्यात आमची वाटचाल म्हणून काहीतरी लिहून दे, लोक स्कॅन करून वाचतात. मग मी दुसऱ्यांच्या चार वाटचाली वाचल्या, सगळीकडं तेच, छोट्याशा रोपट्याचा वटवृक्ष झाला म्हणे. आमचा काय वटवृक्ष वगैरे झालेला नाही. कोल्हापुरात कळंब्याला भाड्याचा गाळा आहे, एक डंक (मिरची-मसाला कांडायचं मशीन) आहे, सीझनला गल्लीतल्या सात-आठ बायका कामाला असतात, आणि वर्षभर कांदा-लसूण चटणी जाते, बस.

सुरुवात 2014 ला. मिस्टरांचं शिरोलीतल्या फौंड्रीचं काम सुटलं, घरात दोन पोरं, आणि हाताशी काय तर आमच्या आत्तींची (म्हणजे सासूबाईंची) चटणी. कोल्हापुरात एप्रिल-मे म्हणजे घरोघरी चटणीचा महिना, डंकासमोर डब्यांची रांग लागलेली असते आणि आत गेलं की ठसक्यानं बोलता येत नाही. पण शिकायला-नोकरीला पुण्यामुंबईला गेलेल्या पोरांच्या घरी कोण करणार? तिथनं आमचं चालू झालं. तिखटाला संकेश्वरी मिरची, रंगाला ब्याडगी, धने, खोबरं, तीळ, दगडफूल, लवंग-दालचिनी सगळं वेगवेगळं तेलावर भाजायचं, कांदा तळून पार कडक करायचा, कारण ओल राहिली की चटणीला बुरशी धरते. मिरचीची देठं खुडायचं काम सगळ्यात कंटाळवाणं, दोन दिवस हाताची आग जात नाही, पण ते मशीनला दिलं की बिया सांडतात म्हणून अजून हातानंच चालतं.

पहिली काही वर्षं बरी गेली, त्यावर लिहिण्यासारखं जास्त काय नाही.

2018 ला पुण्यातल्या एका दुकानदारानं मोठी ऑर्डर दिली. आधी वेळेवर पैसे दिले, ताई ताई करायचा, मग माल वाढवला आणि पैसे थांबवले. 41 हजार अडकले. फोन उचलायचा नाही, उचलला तर सोमवारी टाकतो, आणि सोमवार काय आलाच नाही. पैशापेक्षा मला जास्त लागलं ते माझं मलाच, की मी मागायला लाजत होते. बाईमाणसानं सारखं पैसे मागायचे म्हणजे कसंतरी वाटतं असं डोक्यात बसलेलं. फोन लावायच्या आधी मी पाणी प्यायचे, देवाला हात जोडायचे, आणि समोरनं हॅलो आलं की आधी त्याच्या पोराबाळांची चौकशी करायचे.

आणि मग ऑगस्ट 2019. तेव्हा आम्ही कोल्हापुरातल्याच दुधाळीत होतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे कोल्हापुरातल्या लहान पोरालापण पाठ असतं, आणि पाणी कुठवर येतं याचा सगळ्यांचा हिशोब 2005 च्या पुराच्या खुणेवर बांधलेला. आमचीपण पोती त्या खुणेच्या वर लावलेली. पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली, ती खूण पाण्याखाली. हायवे शिरोलीजवळ बंद, उपसा केंद्रं बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही, दारात पाणीच पाणी आणि प्यायला टँकर. आम्ही नणंदेकडं कळंब्याला जाऊन राहिलो, मिस्टर रोज जिथवर जाता येईल तिथवर जाऊन बघून यायचे आणि घरी येऊन काही बोलायचे नाहीत.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं तो वास मी कुणाला सांगू शकत नाही. मिरची फुगून पोती फुटलेली, खाली चिखलात लाल राडा, हात घातला की आग. डंकाच्या मोटरीत गाळ. पॅकिंगचे रोल एकमेकांना चिकटलेले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकजण टेम्पो घेऊन आला, भिजलेली मिरची किलोवर घेतो म्हणाला, वाळवून देणार कुठंतरी. खरं सांगते, मिस्टरांनी माझ्याकडं बघितलं, कारण तेवढ्यात निदान गाळ्याचं भाडं निघालं असतं. आत्ती पायरीवर बसलेल्या, त्या म्हणाल्या, "व्हय, आणि कुणाच्या ताटात जाणार ते?" त्यावर बोलायला काय राहिलंच नाही. सगळं महापालिकेच्या डंपरमध्ये गेलं.

त्यानंतर जो येईल तो एकच सांगायचा, जे होतं ते चांगल्यासाठीच होतं. मला याचा लई राग यायचा आणि अजून येतो. काय चांगलं होतं त्यात? पूर आला ते वाईट झालं, त्या माणसानं पैसे बुडवले ते वाईट केलं. वाईटाला चांगलं म्हणून रंग फासायचा आणि त्याला सकारात्मक विचार म्हणायचं, हे मला जमत नाही. पण दुसरं टोकपण मी बघितलंय, कारण पुढचे काही महिने मी तिथंच होते. गाळ्याकडं फिरकायचे नाही, पोरांवर खेकसायचे, कुणी ऑर्डरला फोन केला तर बंद आहे म्हणून ठेवून द्यायचे, आणि आमच्याच बाबतीत का एवढंच डोक्यात.

त्यातनं बाहेर काढलं ते बँकेनं, ते पण त्यांच्या नकळत. कर्जासाठी साहेब म्हणाले नुकसानीची यादी लिहून आणा. मी टाळत होते, मोजायचंच नव्हतं मला. मग एका रात्री बसले वही घेऊन. मिरची किती पोती, धने, खोबरं, वजनकाटा, मोटर, रोल, फ्रीज, आणि सगळ्यात खाली ते पुण्याचे 41 हजार, त्याचा पुराशी काय संबंध नव्हता तरी लिहिले. आकडा मोठाच होता, पण एका पानात बसला! तोवर मला वाटत होतं की याला बूड नाही. कमी काय झालं नाही त्यानं, पण गेलेलं ते गेलेलं म्हणून एका जागी बसलं आणि मला झोप लागली. दुसऱ्या दिवशी मोटर उचलून उद्यमनगरात रिवाइंडिंगला टाकली. तिथले मिस्त्री म्हणजे अवघड आहेत, काहीपण चालू करून देतात, तीच मोटर आजपण डंकावर आहे.

मग बदललं ते हे. नवीन दुकानदाराला पहिला माल रोखीनं, पटलं तर घ्या. एका हॉटेलवाल्यानं तीन बिलं थकवली तेव्हा मी दुपारच्या गर्दीत काउंटरवर जाऊन उभी राहिले, भांडले नाही काय नाही, फक्त उभी राहिले, पैसे मिळाले. 2018 ची मी ते करूच शकले नसते. आणि बंधाऱ्याला 35 फूट झाले की कुणाला न विचारता माल हलवायचा, लोक हसले तरी हसू देत. जुलै 2021 ला पाणी 2019 पेक्षापण वर गेलं, गाळा परत बुडाला, पण आत रिकामे रॅक होते. तरीपण भिंतीवरची ती नवीन खूण बघून मी रडले, आणि ते रडणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. त्यानंतर कळंब्याला आलो.

हल्लीचं संकट म्हणजे रिव्ह्यू. मुंबईच्या एकानं एक स्टार दिला, कारण काय तर कोल्हापुरी असून तिखट नाही. बाहेरच्या हॉटेलांनी कोल्हापुरी म्हणजे जाळ असं करून ठेवलंय त्याला मी काय करू, आमच्याकडं चव मसाल्याची असते. पूर्वी मी अशा वाक्यावर आठवडाभर जळले असते. आता पोराला सांगितलं, त्यांना लिही, दुसऱ्या पॅकेटला लवंगी मिरची घालून देऊ. त्यांनी घेतलं, आता कमी करा म्हणतात.

ते पुण्याचे पैसे अजून आलेले नाहीत. दरवर्षी नवीन वहीत पहिल्या पानावर ती बाकी मी पुढं ओढते. गृहस्थ मात्र दिवाळीला न चुकता व्हॉट्सॲपवर पणतीचा फोटो टाकतात, आणि मीपण न चुकता उत्तर देते, दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा दादा, बाकी 41 हजार.