मनिलातल्या पानाची डावी बाजू

शनिवार, रात्री उशिरा. मकाती.

आत्याचा मुलगा, माझा दादा, कामासाठी मनिलात आलाय. आज दादाला मॉलमधल्या एका गर्दीच्या फिलिपिनो हॉटेलात जेवायला नेलं. कारे-कारे मागवलं, मासळीचं, कारण बैलाच्या शेपटीचं तो खाणार नाही. शेंगदाण्याचा दाट रस्सा, त्यात वांगी, लांब चवळीच्या शेंगा, केळफूल. पहिला घास घेऊन दादा थांबला. "मीठ विसरले का गं?"

विसरले नव्हते. शेजारच्या वाटीत बागोओंग होतं, मिठात आंबवलेला बारीक जवळा. आपल्या कोळणी विकतात त्याच जातीचा. मी म्हटलं, "दादा, रश्शात कालवू नकोस. घासाला जरासं लाव." दुसऱ्या घासाला तो काहीच बोलला नाही, फक्त भाताचं ताट पुढे ओढलं.

इथल्या मराठी मंडळींत बसलं की ऐकू येतं, फिलिपिनो जेवण पचपचीत असतं. मला ते मनापासून खटकतं. ते बहुतेक अर्धंच जेवण खाऊन उठलेले असतात. इथे स्वयंपाकी पदार्थ मुद्दाम थोडा मोकळा ठेवतो आणि त्याची चव खाणारा टेबलावर पुरी करतो. सोया सॉस, व्हिनेगर, पातिस म्हणजे माशाचं खारं पाणी, इवल्याशा झणझणीत मिरच्या, कालामान्सी लिंबं. ज्यानं त्यानं आपल्या बशीत हवं तसं मिसळायचं. याला सावसावान म्हणतात. आपल्या पानाच्या डाव्या बाजूला जे मोल आहे, तेच या बशीला. फरक एवढाच की डावी बाजू आपल्याला घरची बाई वाढते, इथे ती आपली आपण करायची. "कुया, आणखी कालामान्सी" असं वाढणाऱ्या माणसाला सांगितलं (कुया म्हणजे दादा) की तो हसत हसत मूठभर आणून ठेवतो. चव बदलली म्हणून आत कोणी नाराज होत नाही.

मांग इनासालमध्ये तर हे सगळं टेबलावरच मांडलेलं असतं, वर कोंबडीच्या चरबीचं केशरी तेल. २००३ साली इलोइलो शहरात निघालेलं हे हॉटेल आज देशभर आहे. भात हवा तितका मिळतो. दुपारी तिथे कारकून, विद्यार्थी, गार्ड सगळे एका ओळीत बसून भातावर ते तेल ओततात. मला ते बघायला फार आवडतं.

रोक्सास बुलेवार्डवरचं अॅरिस्टोक्रॅट मात्र निराळं. १९३६ साली आलिंग आसियांग नावाच्या बाईंनी गाडीवरून खाणं विकून त्याची सुरुवात केली. अमेरिकन अंमलाचा तो काळ. त्या पावात अडोबो, म्हणजे व्हिनेगरमध्ये शिजवलेलं मांस, घालून द्यायच्या. आज तिथे कोळशावर भाजलेली कोंबडी, पिवळा भात आणि कच्च्या पपईचं गोड-आंबट लोणचं मिळतं. लोणचं नसतं तर ती कोंबडी मला जड गेली असती.

मॅक्स हॉटेलची तळलेली कोंबडी १९४५ पासूनची. तिच्याबरोबर केळ्याचं केचप लागतं. ते करण्याचं श्रेय मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंना देतात. सिअॅटलला शिकून त्या परत आल्या, इथल्याच फळांवर काम केलं आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत मारल्या गेल्या. मनिलाच्या एर्मिता भागात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यानं जाताना मी दरवेळी पाटीकडे बघते. केचपच्या बाटलीमागे एवढं मोठं माणूस असेल असं कोणाला वाटतं?

आजचं सिनिगांग दादाला सगळ्यात आवडलं. चिंचेचं पातळ सार, त्यात कोळंबी, मुळा, भेंडी. चिंचेऐवजी कामियासही घालतात, म्हणजे आपल्याकडचं बिंबल. नारळाच्या रसात शिजवलेलं अळू आलं तेव्हा तर तो खुर्चीत सरसावूनच बसला. याला इथे लाइंग म्हणतात, बिकोल प्रांतातलं. अळू वाळवून घेतात, मिरची सढळ असते. त्यानं फोटो काढून आत्याला पाठवला. तिचं लगेच उत्तर, "खाजत नाही ना रे?"

शाकाहारी माणसाची मात्र इथे खरोखर पंचाईत होते. भाजीत डुकराचे तुकडे नसले तरी जवळा किंवा पातिस असतंच. परवा सासूबाईंसाठी कांगकोंगची पालेभाजी सांगितली, चार वेळा विचारून घेतली, तरी वास आलाच. शेवटी त्यांनी भात आणि आंब्यावर जेवण केलं. हे मला बरं वाटलं नाही. मोठ्या हॉटेलांनी पातिसशिवायची दोन भांडी वेगळी ठेवायला काय हरकत आहे?

दादाचं विमान सोमवारचं. उद्या दुपारी त्याला इलोइलोकडचं जेवण खाऊ घालायचं आहे. तिथला एक पदार्थ आहे: तुरीचे दाणे, कच्चा फणस आणि डुकराचं मांस, आंबटपणाला बातुआनचं फळ. बातुआन आपल्या कोकमाच्याच कुळातलं. दादा रत्नागिरीचा, त्याला मी आधी काही सांगणार नाही, आंबटपणा कशाचा ते त्यानंच ओळखायचं.