रूटला बीटीआरएफएस आणि गाळलेला ‘ई’

इतकी वर्षं डेबियन (एक लिनक्स प्रणाली) टाकताना इन्स्टॉलर सुचवेल ते ईएक्सटी४ (डिस्कवर फायली मांडायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टीम) डोळे मिटून घ्यायचो. या वेळी डेबियन १२ला रूटसाठी, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य भागासाठी, बीटीआरएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम घेतली ती एवढ्याचसाठी, की अपडेटनंतर मशीन रुसलं तर स्नॅपशॉटवरून (सिस्टीमच्या जपून ठेवलेल्या जुन्या अवस्थेवरून) कालच्या अवस्थेत परत जाता यावं.

फाइल सिस्टीम निवडणं दोन मिनिटांचं काम. मेख पुढे आहे. इन्स्टॉलर @रूटएफएस नावाचा एकच सबव्हॉल्यूम (फाइल सिस्टीमच्या आतला वेगळा कप्पा) बनवतो, आणि स्नॅपशॉट घेणाऱ्या टाइमशिफ्टला लागतात @ आणि @होम. (आपल्या फायलींचा होम वेगळा हवाच, नाहीतर सिस्टीम मागे नेली की आपल्या फायलीही मागे जातात.) म्हणून प्रत्येक पायरी हाताने करू देणारं एक्स्पर्ट इन्स्टॉल घेतलं. पार्टिशन लिहून झाल्यावर, बेस सिस्टीम पडायच्या आधी, कंट्रोल-ऑल्ट-एफ२ दाबून कन्सोलवर गेलो. टार्गेटखालचं (नवी सिस्टीम जिथे पडणार त्या फोल्डरखालचं) सगळं अनमाउंट केलं, म्हणजे सिस्टीमपासून सोडवलं, @रूटएफएसचं नाव बदलून @ केलं, @होम तयार केला आणि मशीन सुरू करणाऱ्या ईएफआय पार्टिशनसकट सगळं पुन्हा आपापल्या जागी माउंट केलं. मग एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय कुठे माउंट करायचं ते सांगणाऱ्या फायलीत) रूटची ओळ सुधारली, होमची नवी लिहिली. स्वॅपला (मेमरी कमी पडली की डिस्कवर वापरायच्या जागेला) वेगळं पार्टिशन दिलं. बीटीआरएफएसवर स्वॅप फाइल चालते, पण ती चालू असलेल्या सबव्हॉल्यूमचा स्नॅपशॉट घेता येत नाही. नकोच ती भानगड.

इन्स्टॉल विनातक्रार झालं. रीबूट केलं तर थेट इमर्जन्सी मोड, म्हणजे सिस्टीम पूर्ण सुरूच न होता अडकलेली! त्यातही शेल (कमांड द्यायची जागा) मिळेना, कारण माझ्या खात्याला सुडो (प्रशासकाचे अधिकार) मिळावा म्हणून रूट या प्रशासक खात्याचा पासवर्ड मी कोरा सोडला होता आणि रूट अकाउंट लॉक होतं. स्वतःच्याच घराबाहेर उभा.

लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समधून) पार्टिशन माउंट केलं. आत फक्त दोन डिरेक्टऱ्या, @ आणि @होम. क्षणभर धस्स झालं, मग लक्षात आलं की सबव्हॉल्यूम न सांगता माउंट केलं की असंच दिसणार. @च्या आतला एफएसटॅब उघडला, तर होमच्या ओळीत सबव्हॉल्यूमच्या इंग्रजी नावातला (@home) शेवटचा ‘ई’ मी गाळला होता. इन्स्टॉलच्या वेळी हातानेच माउंट केल्यामुळे ती चूक झाकली गेली होती. एक अक्षर टाकलं, मशीन सुरू.

नंतर स्नॅपशॉट घेऊन मुद्दाम डेस्कटॉपची पॅकेजेस उडवली, टाइमशिफ्टने परत आणली, रीबूट केलं. लॉगिनचा पडदा जसाच्या तसा. फायलींची प्रत मात्र अजूनही बाहेरच्या डिस्कवर घेतो. हे स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतात, ती गेली की तेही गेले.