मसहर्ताच्या काचेपाशी

इजिप्तच्या टूरवर येणाऱ्या माणसाला पिरॅमिड हवेच असतात, नाईल हवी असते, उंटावरचा फोटो हवा असतो. पण कैरोच्या विमानतळावर उतरल्या उतरल्या मला जो प्रश्न हमखास येतो, तो म्हणजे ‘ताई, ममी कुठल्या दिवशी?’ मी मराठी ग्रुप घेऊन परदेशी जाणारी टूर मॅनेजर. इजिप्तमध्ये माहिती सांगायचा अधिकार तिथल्या परवानाधारक गाइडलाच असतो. तो इंग्रजीत सांगतो, मी मागून मराठीत. त्यामुळे ममी कशी करायचे हे मी इतक्यांदा बोलले आहे, की झोपेतही सांगेन. तरी लक्सर शहरातल्या एका दिवसाने माझी ती सगळी टेप बदलून टाकली.

त्या ग्रुपमध्ये शरीररचनाशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका होत्या. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणायचे. एका वैद्यकीय महाविद्यालयात आयुष्य गेलेलं, आणि देहदानात येणाऱ्या देहांची सगळी व्यवस्था वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. ओळखपरेडीत त्यांनी सांगितलं, “मी मेलेली माणसं टिकवायचं काम केलं. म्हणून इथे आले.” बसमध्ये क्षणभर कुणी बोललं नाही.

कैरोत फुस्तातच्या संग्रहालयात राजांच्या ममी बघताना त्या दुसऱ्या रामसेसपाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबल्या. 66 वर्षं राज्य करून नव्वदीच्या आसपास गेलेला हा राजा. त्याच्या नाकपुड्यांत काळी मिरी भरलेली सापडली. उंच बाकदार नाक पट्ट्यांच्या दाबाने चपटं होऊ नये म्हणून. मिरी मूळची आपल्या दक्षिणेतली, मलबारची. सावंतवाडीच्या एका जोडप्याच्या बागेत पोफळींवर मिरवेली चढवलेल्या आहेत. ते काका कितीतरी वेळ त्या नाकाकडेच बघत होते. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याकडचे मिरे समुद्र ओलांडून एका राजाच्या नाकात गेले, हे त्यांना कुणाला तरी फोन करून सांगायचंच होतं. बाहेर आल्यावर त्यांनी सांगितलंही.

तर लक्सर. सकाळी नाईलचा पश्चिम काठ. सूर्य मावळतो ती बाजू म्हणून मृतांची बाजू. राजांची थडगी असलेल्या किंग्ज व्हॅलीत त्या दिवशी इतकी गर्दी होती की रांगेतच निम्मी सकाळ गेली. त्याबद्दल लिहीत नाही. खरी सकाळ सुरू झाली कुर्ना टेकडीवरच्या रामोसेच्या थडग्यात. हा तिसऱ्या अमेनहोतेपचा आणि त्याच्यामागून आलेल्या अखेनातेनचा वजीर. आतल्या एका भिंतीवर त्याची अंत्ययात्रा रंगवली आहे. सामान वाहून नेणारी माणसं, पलंग, पेट्या, आणि मध्येच रडणाऱ्या बायकांचा घोळका. हात वर केलेले, केस मोकळे, काही जणी डोक्यावर माती टाकताहेत. त्यांच्यात एक लहान मुलगी आहे, उघडी, मोठ्या बायकांसारखेच हात वर करून. ती बघत असेल की कसं रडायचं असतं. त्या मुलीसमोर आमच्या ग्रुपमधल्या दोन-तीन जणींचे डोळे भरून आले, मी मराठीत एक शब्द बोलायच्या आधीच.

तिथून बाहेर सावलीत बसून गाइडने जे सांगितलं, ते मी एरवी दोन वाक्यांत उरकायचे. थडगं बंद झालं म्हणजे काम संपलं असं इजिप्तमध्ये मानत नसत. मेलेल्या माणसाच्या ‘का’ला, म्हणजे त्याच्या जीवनशक्तीला, रोज अन्नपाणी लागायचं. थडग्याच्या वरच्या खोलीत दगडाचा खोटा दरवाजा कोरायचे, समोर नैवेद्याचा चौथरा. ‘का’ने तिथून यायचं, जेवायचं आणि परत जायचं. हे काम बघणारे पुजारी असत आणि त्यांच्यासाठी जमीन लावून दिलेली असे. असियुतच्या जेफाईहापी नावाच्या अधिकाऱ्याने तर पुजाऱ्यांशी केलेले दहा करारच थडग्याच्या भिंतीवर कोरून ठेवले. कुठल्या सणाला किती भाकरी, किती बिअर, दिव्याच्या वाती कुणी द्यायच्या, बदल्यात काय मिळेल, सगळं तपशीलवार. बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “अहो, हे तर देवस्थान इनाम!” अगदी बरोबर. आणि इनामाचं जे होतं तेच तिथेही व्हायचं. दोन-चार पिढ्यांनी पुजारी येईनासे व्हायचे.

म्हणून थडग्यांवर आणि शिळांवर येणाऱ्या-जाणाऱ्याला उद्देशून विनवणी लिहिलेली सापडते. हे जिवंत माणसांनो, इथून जाताना माझ्यासाठी म्हणा, हजार भाकरी, हजार सुरया बिअर, हजार बैल, हजार पक्षी. हातात काही नसलं तरी म्हणा, तोंडाचा नुसता श्वास खर्च होईल, तुमचं काही जाणार नाही. आपल्याकडच्या पिंडाचा विषय तिथे निघणारच होता. निघाला, आणि बसमध्ये चढेपर्यंत चालला. डॉक्टरबाई त्यात नव्हत्या. त्यांनी गाइडला एवढंच विचारलं, “नाव घ्यायचं, की नुसतं हजार भाकरी म्हणायचं?” तो म्हणाला, नाव घ्यायलाच हवं. नाव बुजलं तर सगळं गेलं.

संध्याकाळी कॉर्निशवरच्या, म्हणजे नदीकाठच्या रस्त्यावरच्या, ममीकरणाच्या संग्रहालयात गेलो. 1997 मध्ये उघडलेली ही जागा लहान आहे, नाईलच्या अगदी काठावर, जमिनीच्या पातळीखाली. बऱ्याच टूर ती गाळतात. आत लेप देणाऱ्यांची हत्यारं मांडली आहेत. चिमटे, पळ्या, सुया, कात्री आणि टोकाला वाकवलेली लांब सळई. डॉक्टरबाईंनी त्या काचेला जवळजवळ कपाळ टेकवलं. मग मागे वळून म्हणाल्या, “या सगळे इकडे. ही गोष्ट मी सांगते.” गाइड हसून बाजूला झाला. त्या दिवशी मला मराठीत काही सांगावंच लागलं नाही.

त्यांनी आधी ती वाकडी सळई दाखवली. नाकातून वर गेलं की डोळ्यांच्या मध्ये चाळणीसारखं पातळ हाड असतं. ते फोडून आत शिरायचं आणि मेंदू ढवळून काढायचा. तो टाकून देत. त्याची त्यांना किंमत नव्हती. मग डाव्या कुशीत चीर. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस म्हणतो की ही चीर धारदार दगडाने देत. त्याच्यानंतर काही शतकांनी डायोडोरसने लिहून ठेवलंय, की चीर देणाऱ्याला काम होताच पळ काढावा लागायचा, कारण बाकीचे त्याला दगड मारायचे. शरीराला इजा करणारा तो पापी. हे सांगून बाई म्हणाल्या, “आमच्याकडे पहिल्या वर्षाची मुलं पहिला छेद घेताना हात कापतो म्हणतात. मी कधी कुणाला रागावले नाही. कापायलाच हवा.”

पुढचं त्यांनी स्वतःच्या अंगावर दाखवलं. उजवा हात डाव्या कुशीवर ठेवून म्हणाल्या, “चीर एवढीच, मनगट जेमतेम जाईल इतकी. त्यातून यकृत, जठर, आतडी निघाली, ते समजू शकते. पण फुप्फुसं? ती वर आहेत, छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या पलीकडे. हात कोपरापर्यंत आत घालून पडदा कापायचा आणि दोन्ही फुप्फुसं सोडवायची. त्या दोघांच्या मध्ये हृदय आहे. त्याच मोठ्या रक्तवाहिन्यांनी बांधलेलं. ते मात्र जागेवरून हलवायचं नाही. दिसत काही नाही, सगळं बोटांनी. मी छाती उघडून, दिव्याखाली, मोकळेपणाने हे शिकवलंय. मला असं आंधळेपणाने करता येणार नाही.”

हृदय ठेवायचं, कारण मेल्यानंतर न्यायाच्या दालनात ते मात या सत्याच्या देवतेच्या पिसाशी तोललं जायचं. बुद्धी, आठवण, केलेली कर्मं, सगळं हृदयात. पारडं झुकलं तर अम्मित नावाची राक्षसीण, मगरीच्या तोंडाची, ते गिळणार. छातीवर दगडी भुंगा ठेवत, त्यावर हृदयालाच विनंती कोरलेली, की माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. बाकी अवयवांचे चार बुधले, प्रत्येकाचा एक राखणदार देव. यकृत माणसाच्या तोंडाच्या इमसेतीकडे, फुप्फुसं वानरमुखी हापीकडे, जठर कोल्ह्याच्या दुआमुतेफकडे, आतडी ससाण्याच्या केबेहसेनुफकडे. मग वादी नत्रूनहून आणलेल्या नेट्रॉन या खारात देह चाळीसेक दिवस पुरून ठेवायचा. खार कोरडा, पाण्यात कालवलेला नव्हे. तो देहातलं पाणी ओढून घेतो आणि चरबीचाही निकाल लावतो. बाई म्हणाल्या, “आम्ही मांडीतली धमनी उघडून फॉर्मॅलिन चढवतो. आत काहीतरी घालून टिकवतो. यांनी आतलं पाणी काढून टिकवलं. विचार उलटा आहे, पण पक्का आहे.”

चिरेपासून पट्ट्यांपर्यंत सगळं मिळून 70 दिवस. देहाला लावायची राळ कुठून येई, हे कैरोजवळच्या साक्काराच्या एका ममीकरणाच्या कार्यशाळेतल्या मडक्यांवरून 2023 मध्ये समोर आलं. मडक्यांवर मजकूरच लिहिलेले होते, कुठलं कशाला वापरायचं ते. आतल्या अवशेषांत डामर नावाची आशियातल्या पावसाळी जंगलांतली राळ निघाली. मिरीवाल्या काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्यांचंच म्हणणं सिद्ध झालं.

पट्ट्यांसाठी शेकडो मीटर जवसाच्या धाग्याचं कापड लागायचं. लीनन. श्रीमंतांकडे नवं विणलेलं असे, पण बऱ्याच ममींवर घरचंच जुनं कापड सापडतं. वापरलेल्या चादरी, अंगरखे, फाडून पट्ट्या केलेले, कुठे कुठे रफू केलेले. आजीच्या विरलेल्या लुगड्यांची गोधडी करतात तसंच, माणूस आयुष्यभर ज्यात वावरला त्यातच त्याला गुंडाळायचं. अर्थात हे सगळं ज्यांना परवडे त्यांचं. गरिबांचा देह वाळूतल्या खड्ड्यात जायचा, सोबत एखादं मडकं.

आणि मग आम्ही मसहर्तापाशी आलो. या संग्रहालयातली माणसाची ममी त्याची आहे. 21व्या राजवंशाच्या काळातला अमुन देवाचा मुख्य पुजारी, पिनेजेमचा मुलगा. आमच्या ग्रुपमधला सॉफ्टवेअरवाला मुलगा आई-वडिलांबरोबर आला होता, दिवसभर गप्प होता. तो इथे म्हणाला, “पण याचा उपयोग काय झाला? चोरांनी सगळी थडगी फोडलीच ना?” प्रश्न रास्त होता. सोनं काढायला चोरांनी पट्ट्या कुऱ्हाडीने फोडल्या आहेत.

गाइडने उत्तर द्यायला काचेकडेच बोट केलं. चोरांनी राजांची थडगी फोडल्यावर त्या राजांचे देह गोळा करून, पुन्हा गुंडाळून, लपवून ठेवणारी माणसं म्हणजे याच्याच घराण्यातली. पहिला अमेनहोतेप साधारण इसवी सनापूर्वी 1500 च्या सुमारास गेला. साडेचारशे वर्षांनी त्याच्या देहाची व्यवस्था पिनेजेमने एकदा लावली आणि मग मसहर्ताने पुन्हा लावली. कुठल्या साली, कुणाच्या आज्ञेने, हे शवपेटीवर शाईने लिहिलं आहे. तीच पेटी लक्सरच्या पश्चिम काठावर देर अल्-बाहरीच्या लपवलेल्या भुयारात 1881 मध्ये मिळाली. फुलांचे हार इतके शाबूत होते की ती ममी कुणी उकललीच नाही. हारांच्या वासाने आत आलेली एक गांधीलमाशीही तिथे वाळून राहिली होती. 2021 मध्ये कैरोच्या सहर सलीम आणि झाही हवास यांनी सीटी स्कॅनचे निष्कर्ष छापले. मान तुटून डोकं वेगळं झालेलं होतं, ते राळेत भिजवलेल्या पट्टीने जागेवर बसवलेलं. पोटावरचं भोक पट्टीने झाकलेलं आणि त्याखाली दोन ताईत. निखळलेला डावा हात शेजारी ठेवून गुंडाळलेला. सोन्याच्या मण्यांचा पट्टा आणि तीस ताईत जागच्या जागी. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांनी ते काढून घेतले नाहीत.

आणि ही आज्ञा देणारा मसहर्ता शेवटी त्याच भुयारात, त्या राजांच्या सोबतीला.

डॉक्टरबाई त्या मुलाला म्हणाल्या, “आमच्याकडे देह आला की पहिलं काम चिठ्ठी बांधायची. मुलांना नाव सांगत नाही, पण रजिस्टरात असतं. चिठ्ठी ओली झाली, पुसली, तर नवी करायची, तीच अक्षरं लिहून. माझ्या हाताखालच्या माणसाला मी रोज तेच सांगायचे. याने साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाची चिठ्ठी नवी केली. तुटलेली मान बसवली. मग उपयोग झाला की नाही?” मुलाने मान हलवली. मग त्याने मोबाइलमध्ये दोन्ही नावं टाइप करून मला दाखवली, बरोबर आहेत का म्हणून. मी एक दुरुस्त केलं.

ममी म्हणजे एकदा करून ठेवलेली वस्तू, असं मी तोवर सांगत होते. ते अपुरं होतं. ती पुढच्यांनी सांभाळायची होती आणि काहींनी ती सांभाळली. आता मी ग्रुपला किंग्ज व्हॅलीच्या आधी रामोसेकडे नेते, आणि संध्याकाळच्या संग्रहालयाला अर्ध्याऐवजी पुरा तास ठेवते. जेवणाला उशीर होतो, लोक कुरकुरतात. पण अमेनहोतेपची मान कुणी बसवली हे ऐकल्याशिवाय मी कुणाला मसहर्ताच्या काचेपासून हलू देत नाही.