आम्ही दिवा चालू ठेवतो

गणिताचा तास चालू होता. पत्र्यावर पाऊस जोरात वाजायला लागला आणि तिसऱ्या बाकावरच्या पोराने गुपचूप वही दप्तरात भरली. दप्तर पाठीला लावून बसला. नजर दाराकडे.

मी काही विचारायच्या आत त्याचा मित्र म्हणाला, "बाई, त्याला रात्रीपण असंच होतं. मग आम्ही दिवा चालू ठेवतो."

वसतिगृहातली ही एवढीशी पोरं. कुणी न सांगता त्यांनी शोधलेला हा इलाज माझ्या डोक्यातून जात नाहीये.

गावांवर कोसळलेल्या दरडी: माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. तिन्ही जुलैतल्या. दरडीनंतर पंचनामे होतात, मदत मिळते, घरं बांधली जातात. हवंच ते. पण पाऊस दरवर्षी येतो.

दरडीतून वाचलेल्या अशा मुलाला रोजचं ठरलेलं वेळापत्रक लागतं, ओळखीचं माणूस जवळ लागतं. तो आपणहून बोलेपर्यंत त्या रात्रीबद्दल विचारू नये. पाहुणे येतात आणि सगळ्यांसमोर "काय झालं होतं रे?" करतात, त्याचा मला फार राग येतो.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, मोफत बोलता येतं. शिक्षकांनाही. तुमच्या शाळेत जूनआधी याबद्दल कुणी शिक्षकांशी बोलतं का?